आमच्या शाळेतले गुरुत्वाकर्षण

पृथ्वी प्रत्येक वस्तूला आपल्याकडे ओढते, हे सर्वांना मान्य आहे. किती जोराने ओढते याबाबत मात्र ठिकठिकाणी फरक पडतो. ध्रुवावर जास्त, विषुववृत्तावर कमी, डोंगरावर आणखी काही. असला ढिसाळपणा आमच्याकडे चालत नाही. मध्य प्रदेशच्या बालाघाट जिल्ह्यातल्या आमच्या उच्च माध्यमिक शाळेत पृथ्वी वर्षानुवर्षे बरोबर ९.८ इतक्याच जोराने ओढत आली आहे. सर्व विद्यार्थ्यांसाठी, सर्व ऋतूंत, वीज असो वा नसो.

या शिस्तीचे श्रेय भौतिकशास्त्राचे तेजराम टेंभरे सर यांना आहे. मागासलेल्या ठिकाणी विद्यार्थी आधी प्रयोग करतात, मग नोंदी घेतात आणि उत्तराची वाट पाहत बसतात (काही वेळा ते येतही नाही). टेंभरे सर आधी उत्तर देतात. उत्तरावरून नोंदी निघतात, आणि नोंदी असल्या की प्रयोग झालाच असला पाहिजे. ज्ञानाचा प्रवास उतारावरून केला की दम लागत नाही. "उत्तर हाती असल्यावर प्रयोग कायले पाह्यजे?" असे सर विचारतात, आणि या प्रश्नाचे उत्तर आजवर एकाही विद्यार्थ्याला देता आलेले नाही.

नोंदी काढण्याचेही कष्ट पडू नयेत म्हणून फाईल आहे. मूळ फाईल तिरोडीच्या एका मुलीची. ती मुलगी आता स्वतः शिक्षिका असून तिच्या मुलाने गेल्या साली तीच फाईल उतरवली. फाईल बाकाबाकाने फिरते. तिच्यात चौथ्या नोंदीवर चहाचा डाग आहे. होतकरू मुले तो डागही उतरवतात (त्याला वेगळे गुण नाहीत, पण तळमळ दिसते).

प्रयोगशाळा स्वच्छ राहावी म्हणून बंद असते. दसऱ्याला ती उघडून उपकरणांची पूजा होते. स्टॉपवॉचच्या काचेखाली कुंकू गेले आहे, त्यामुळे ते मंगल दिसते. मीटरपट्टी मध्यंतरी खिडकीला टेकू म्हणून लावली होती, त्यात तिचा सुरुवातीचा भाग मोडला. आता ती पाचपासून सुरू होते. पाचच्या पुढे मात्र निर्दोष आहे.

प्रात्यक्षिकाला तीस गुण. ते देताना फाईलची जिल्द, अक्षर, उत्तर ९.८ असणे आणि परीक्षकांसमोर मान किती खाली होती, या गोष्टी पाहिल्या जातात. शिवाय वेळेचा परिणाम असतो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी जेवणाआधी तपासलेल्या फायलींची सरासरी चोवीस येते. चिन्नोर तांदळाचा भात आणि कोंबडीचा रस्सा झाल्यावर तीच अठ्ठावीस होते. हजेरी वर्णानुक्रमे असल्यामुळे ज्यांचे नाव मागे येते ती मुले आमच्याकडे भौतिकशास्त्रात हुशार निघतात, हे निरीक्षण इतर जिल्ह्यांनीही तपासून पाहावे.

अशा निरोगी व्यवस्थेत श्रुतिका नावाच्या बारावीच्या मुलीला कांजण्या आल्या.

फाईल तिच्या बाकावर यायची, नेमक्या त्याच आठवड्यात आल्या. ती बरी होऊन परतली तोवर फाईल बैहरच्या मुलांकडे गेली होती आणि परीक्षा दुसऱ्या दिवशी होती. मुलगी अडली. तिला नर्सिंगला जायचे होते. प्रात्यक्षिकात नापास म्हणजे बारावीत नापास, आणि वारासिवनीच्या आत्याने वैशाखातल्या लग्नासाठी स्थळ आधीच पाहून ठेवले होते. आत्याला फक्त निकालाची वाट होती (कोणत्या निकालाची, हे आत्याने लपवले नव्हते).

श्रुतिकाने प्रयोगशाळेची किल्ली मागितली. टेंभरे सरांना वाटले, झाडायला मागते. त्यांनी दिली. आणि कोणाचे लक्ष नसताना या मुलीने दोऱ्याला लोलक बांधला, पट्टीने दोरा मोजला, झोके मोजले आणि गणित केले. नाइलाज माणसाला कोणत्या थराला नेतो, त्याचे हे उदाहरण आहे. उत्तर आले १०.३. तिने ते लिहिले.

परीक्षक बैहरचे दुलीचंद पटले सर. श्रुतिकाचा नंबर सुदैवाने जेवणानंतर लागला. सरांनी फाईल उघडली आणि ढेकर अर्ध्यावर थांबली. आमच्या भागात रागावणे हिंदीत आणि समजावणे मराठीत करतात, त्यामुळे सुरुवात हिंदीत झाली.

"ये क्या है, बेटा?"

"दहा पूर्णांक तीन, सर."

"ते मले बी दिसते. आनलं कोठून?"

"प्रयोगातून, सर."

पटले सरांनी टेंभरे सरांकडे पाहिले. टेंभरे सर खिडकीकडे पाहू लागले.

"प्रयोग केला? काहून?"

"फाईल भेटली नाही, सर."

"मंग मले सांगाचं नाही काय वं!" टेंभरे सर कळवळून म्हणाले. "मी नसती देल्ली काय?"

प्रकरण प्राचार्यांच्या खोलीत गेले. पेच खरा होता. मुलीला नापास करावे तर शाळेचा निकाल शंभर टक्के राहत नाही, आणि शंभर टक्क्यांचा फ्लेक्स छापून तयार होता. तिला बरोबर धरावे तर बाकीचा वर्ग चूक ठरतो. तेव्हा दोषी कोण, हे क्रमाने ठरवण्यात आले. मीटरपट्टी दोषी नाही, कारण ती एक मीटर असल्याबद्दल दरवर्षी खुद्द प्राचार्यांची सही होते. स्टॉपवॉच दोषी नाही, त्याची पूजा झालेली आहे. मुलगी वर्गात पहिली येते. उरली पृथ्वी. पण पृथ्वी शाळेची मालमत्ता नसल्यामुळे तिच्याकडून खुलासा मागवता येत नाही. सबब, आदल्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेच्या हद्दीत गुरुत्वाकर्षण तात्पुरते वाढले होते, असे एकमताने ठरले.

निर्णय उत्तम होता, पण तो बाहेर फुटला. क्रीडाशिक्षकांनी अर्ज दिला की त्याच दुपारी त्यांच्या मुलांची उंच उडीची निवड होती, तरी प्रत्येकाला चार बोटे वाढवून मिळावीत. परीक्षकांच्या जेवणाची कोंबडीही आदल्या दुपारीच तोलून आणली होती. ती मुळात किती भरली असती, यावर चर्चा बराच वेळ चालली.

तेवढ्यात श्रुतिका मीटरपट्टी घेऊनच दारात उभी राहिली.

"सर, पट्टी पाचापासून चालू होते. दोरा पंच्याण्णव होता, मी शंभर धरले. माहीच चूक झाली."

तिची आई साधनाबाई ब्लाउज शिवतात. मुलीचे काय होते म्हणून त्या बाहेर पायरीवर बसून होत्या, आणि शिवणाऱ्या बाईच्या गळ्यात टेप असतोच. टेप आला. सर्वांसमक्ष पुन्हा लोलक हलला. आमच्या शाळेच्या इतिहासात इतक्या लोकांनी तो हलताना प्रथमच पाहिला, आणि प्राचार्यांनी नकळत हात जोडले. उत्तर आले ९.७.

१०.३ला निदान कारण होते, पृथ्वी. ९.७ला काहीच कारण नव्हते. ते नुसतेच आले होते.

"एवढासाच तर फरक हाये," टेंभरे सर हळू आवाजात म्हणाले. सर मुळात मायाळू आहेत. "सात खोड, आठ कर. मी तिकडे पाहतच नाही. पूरे तीस देतो."

"मंग साताचं काय करू, सर?"

"साताचं काय कराचं रायते वं?" साधनाबाईंचा धीर सुटला. "लिही नं आठ! तुही आत्या तिकडे मांडव घालून राह्यली, अन् तू सात घेऊन बसली!"

"आई, सात मीनं मोजले. हे आठ कोनाचे हायेत?"

पटले सरांनी घड्याळ पाहिले. बैहरची शेवटची बस जवळ आली होती. विज्ञानातले बरेचसे वाद असेच मिटतात.

श्रुतिकाला तीसपैकी दहा गुण देण्यात आले, म्हणजे पास होण्यापुरते. शेरा असा: "निरीक्षण चांगले. अपेक्षा समजत नाही." शाळेचा निकाल शंभर टक्के लागला आणि फ्लेक्स चौकात चढला. त्या प्रयोगात बाकीच्या पूर्ण वर्गाला वीसच्या वर गुण आहेत. नर्सिंगच्या यादीत श्रुतिकाचे नाव थोडक्यात हुकले. आत्याने आणलेले स्थळ येऊन पाहून गेले. मुलगा सुस्वभावी असून त्याला भौतिकशास्त्र प्रात्यक्षिकात एकोणतीस होते, हे त्याच्या वडिलांनी दोनदा सांगितले. श्रुतिकाने त्याला चहा दिला आणि ९.८ स्वतः काढले होते का, असे विचारले. पुढचे बोलणे झाले नाही. ती पुढच्या साली पुन्हा फॉर्म भरणार आहे. आत्या बोलत नाही.

हे असे व्हायला नको होते, असे तुम्हाला वाटते. साहजिक आहे. तुम्ही जाणते वाचक. कांजण्या आल्या तेव्हाच तुम्ही शेवट ठरवून टाकला होता: मुलगी खरे बोलते, पटले सरांचे डोळे पाणावतात, तीसपैकी तीस, आत्या पेढे वाटते. इथपर्यंतच्या सगळ्या ओळी तुम्ही त्या शेवटावरून मागे लावत आलात, आणि आता काहीतरी थोडे कमी पडते आहे. फार नाही, एवढासाच फरक आहे. मनातल्या मनात खोडून नीट करून घ्या. आम्ही तिकडे पाहतच नाही.