ही विनंती

दांडगे भाऊसाहेब 'विनंती' हा शब्द खोडतात. स्वतःच्या कागदावरचा खोडतातच, दुसऱ्याच्याही. आमच्या कार्यालयात कुणी रजेचा अर्ज लिहायला घेतला की ते मागे येऊन उभे राहतात. शेवटी 'मंजूर करावी, ही विनंती' आलं की खिशातलं पेन काढतात आणि नुसतं 'मंजूर करावी' ठेवतात. पूर्णविराम असा दाबून देतात की तो खालच्या कागदावरही उमटतो.

"हक्काची रजा हाय ना? मग विनंती कशाची करायलात?"

पुतणीच्या लग्नाची पत्रिका त्यांनीच छापून घेतली. 'अगत्य येण्याची विनंती' काढून तिथं 'यावे.' एवढंच घातलं. त्यांच्या गावच्या, पिशोरमधल्या, एका म्हाताऱ्याला ती सरकारी नोटीस वाटली. तो आधार कार्ड आणि दोन फोटो घेऊन मांडवात आला आणि "सही कुठं करायची?" म्हणून नवरदेवाच्या बापाला विचारत बसला.

भाऊसाहेब आमच्या कर्मचारी संघटनेचे शाखा सचिव. त्यांचं टेबल माझ्या टेबलाला लागून आहे, हे माझं दुर्दैव. ते बसले की त्यांचा पाय हलतो, पाय हलला की टेबल हलतं, आणि माझा चहा बशीत येतो. अर्थात बसतात कमीच. या शाखेतून त्या शाखेत, व्हरांड्यातून साहेबांच्या केबिनपर्यंत आणि परत, असं त्यांचं दिवसभर चालू असतं. लोकांना वाटतं, हा माणूस काम करत नाही. काम करतात, पण उभ्यानं.

आमच्याकडे वर्षा म्हणून मुलगी नवीन लागली होती. बाळंतपणाची रजा मागायला गेली, तर त्या वेळचे साहेब म्हणाले, ऑडिट होऊन जाऊ दे, मग बघू. ती रडवेली होऊन बाहेर आली. भाऊसाहेब म्हणाले, "हात जोडले का तू?"

"जोडले."

"कशापायी? पोर काय साहेबाला इचारून केलं?"

सगळी शाखा हसली, वर्षासुद्धा. मग भाऊसाहेब रजेच्या नियमांचं पुस्तक काखेत मारून केबिनमध्ये शिरले. आवाज अजिबात चढला नाही. ते नियम वाचत राहिले, साहेब घड्याळ बघत राहिले, आणि शेवटी सही झाली.

पण नुसते भांडखोर म्हणाल तर तसंही नाही. एकदा एका शिपायाला मेव्हण्याच्या गृहप्रवेशाची रजा नाकारली आणि तो यांच्याकडे धावत आला, तर यांनी त्यालाच झापलं. "ही रजा साहेबाच्या मर्जीवर हाय. तिथं आपलं काय नाय चालत. हक्क कुठं संपतो ते ठाऊक नसल्यावर लोक आपल्याला गुंड म्हणत्यात."

त्यांचा स्वतःचा हक्क संपत होता तो पिशोरच्या वेशीवर.

सुमनताई, म्हणजे त्यांच्या मिसेस, पिशोरला अंगणवाडी चालवतात. भाऊसाहेब इथं शहरात, गारखेड्यात, एका खोलीत. मुलं नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी ते बस धरतात, सोमवारी सकाळी परत. इतकी वर्षं हेच. जेवणाच्या सुट्टीत सुमनताईंचा फोन येतो आणि भाऊसाहेबांना स्पीकर बंद करता येत नाही, म्हणून आम्हाला सगळं ठाऊक.

"साऱ्या जिल्ह्याच्या बदल्या करता वं तुम्ही. सोताची कधी करायलात?"

"बघू."

"बघू बघू म्हणता डोळे गेले माझे."

या वर्षी पिशोरच्या आमच्या उपकार्यालयात जागा रिकामी झाली. अशी जागा पुन्हा कधी सुटेल, सांगता येत नाही, आणि भाऊसाहेबांची नोकरी आता थोडीच उरली आहे. नवरा-बायको दोघं सरकारी कर्मचारी असतील तर त्यांना जवळजवळ ठेवायचा नियम आहे. पण अंगणवाडीताईंना पगार नसतो, मानधन असतं. म्हणजे नियमात त्या कर्मचारी नाहीत. उरला तो 'विनंती बदली'चा रकाना.

"भरून टाका की," मी म्हणाले.

"रकान्याचं नाव वाचा मॅडम."

"नाव काय चाटायचंय? बायको तिकडे एकटी आहे."

"हक्क असता तर साहेबाला झोपू दिलं नसतं म्या. हक्क नाय ना." आणि उठून व्हरांड्यात फेऱ्या मारायला लागले. संघटनेच्या पोरांनी साहेबांना भेटतो म्हटलं, तर त्यांच्यावरच खेकसले. "संघटना माझ्या बायकूसाठी हाय व्हय?"

अर्जाची मुदत गेली. अर्ज काही गेला नाही.

मग बदल्यांचा दिवस आला. सभागृहात सगळ्यांना बसवून एकेक जागा पुकारतात. भाऊसाहेब संघटनेतर्फे खिडकीशी उभे. सकाळपासून तीन जणांसाठी भांडून झालं होतं. एवढ्यात साहेबांनी पुकारलं, "पिशोर. अर्ज एकही नाही. कुणी इच्छुक?"

कुणी नव्हतं. साहेब पान उलटणार, तर खिडकीशी हात वर.

"बोला दांडगे. कुठल्या नियमानं हरकत?"

"हरकत नाय साहेब. मला पायजे."

"नियमात बसतं?"

"नाय बसत. मिसेस तिथं अंगणवाडीत हायेत. मानधनावर. म्या सगळं पाहिलंय, कुठंच बसत नाय."

"मग?"

भाऊसाहेबांचा पाय हलायला लागला. सगळं सभागृह बघत होतं.

"मग विनंती हाय साहेब."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. मी वळून बघितलं, तसं ते थांबलं. साहेबांनी उलटायला घेतलेलं पान परत सरळ केलं आणि ते म्हणाले, "घ्या लिहून. पिशोर, दांडगे."

मी त्यांच्या मागोमाग बाहेर आले, कारण ते भलत्याच दाराकडे निघाले होते. त्यांनी फोन लावला. पलीकडे पोरांचा गलका.

"बोला लवकर. पोरं जेवायलीत इथं."

"काय नाय... रोज दोन माणसांचा सैपाक जमंल का तुला?"

"कोण येणार हाय?"

भाऊसाहेबांनी फोन माझ्या हातात दिला.

"सुमनताई, भाऊसाहेबांची बदली झाली. पिशोरला."

पलीकडे त्यांनी आधी पोरांना गप्प बसवलं. मग त्या म्हणाल्या, "इचारा त्यांना, भाकर चालती का अजून, का खानावळीच्या चपातीची सवय लागली?"

मी विचारलं. भाऊसाहेब भिंतीकडे तोंड करून उभे होते. त्यांनी मान हलवली. फोनवर मान दिसत नाही, म्हणून मीच सांगून टाकलं, "चालते म्हणतात."