पोचे काढलेली बोट

धरणकाठच्या पिंपळदरीत कुठल्या पाण्यात कोणी मासे धरायचे, हे बोटीला विचारून ठरतं. बाप गेला की मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी काठावर खुर्ची टाकून बसतो आणि बोटीला विचारतो, "तुम्ही कुणाच्या?" बोट ज्या मुलाचं नाव घेईल त्याला बापाचं पाणी मिळतं. तिनं कोणाचंच नाव घेतलं नाही तर थोरल्याला. नियम साधा आहे आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

लिंबाजी मल्लावला तर काळजीच नव्हती. थोरला भाऊ धोंडिबा पुण्यात फर्निचरच्या दुकानात बसायचा, त्याला पाण्याचं वावडंच होतं. बापाच्या, म्हणजे आबांच्या, ॲल्युमिनिअमच्या बोटीत लिंबाजीनं अर्धं आयुष्य घालवलेलं. ती दुसऱ्या कोणाचं नाव घेणार? पण आबा गेल्यापासून ती बाभळीखाली पालथी पडली होती आणि तिच्यावर कोंबड्या बसायच्या. असल्या अवतारात तिला चारचौघांत उभी करायची त्याला लाज वाटली. सुनावणीला माणूससुद्धा धुतलेले कपडे घालून जातो.

मग तो हात धुऊन तिच्या मागे लागला. सैल रिबिटा काढून नव्या ठोकल्या, तळाची भोकं बुजवली, इंजिनाचा कार्ब्युरेटर खोलून रॉकेलमध्ये धुतला, प्लग बदलला. आवाज एकसारखा लागेपर्यंत तो कान लावून स्क्रू फिरवत बसायचा. शेवटी लाकडी हातोडी घेऊन पत्र्याचे पोचे काढायला बसला.

बायको इंदू जवळ येऊन उभी राहिली. "आवं, ह्यो तर आबांचा पोचा."

आबांनी छाती धरली तेव्हा हातातलं वल्हं पडून तो उमटला होता. लिंबाजीनं त्यांना त्याच बोटीत मांडीवर घेतलं होतं.

"म्हणून तर आधी ह्योच काढतू," लिंबाजी म्हणाला. "बघवत न्हाई."

तो पोचा त्यानं इतक्या मायेनं काढला की हात फिरवला तरी जागा सापडेना.

गावात आजवर लाकडी होड्याच साक्ष देत आल्या होत्या. त्यांना डांबर लावलं की त्या उलट जास्तच बडबडायच्या. पत्र्याच्या बोटीला नीट करून आणण्याची ही पहिलीच वेळ.

सुनावणीच्या दिवशी बोट चकाकत होती. एका झटक्यात इंजिन चालू झालं. धोंडिबा सावलीत चपला हातात धरून उभा होता, चिखलानं त्या भरू नयेत म्हणून.

"तुम्ही कुणाच्या?" सेक्रेटरी शेलारांनी विचारलं.

"काही आठवत नाही," बोट अदबीनं म्हणाली. "पण तब्येत उत्तम आहे."

लिंबाजी गुडघाभर पाण्यात शिरला. "अगं, मी लिंबाजी! माझ्या मांडीवर आबा गेलं. हितं, ह्या फळीवर!"

"आपली काहीतरी गल्लत होतेय," बोट म्हणाली. "माझ्यात कोणी गेलेलं नाही."

शेलारांनी उठून पत्र्यावरून हात फिरवला. "पोचे काढलेत होय? मग राहिलं काय तिच्याजवळ? पत्र्याला आठवण दुसरीकडं ठेवायला जागाच नसते." ते परत खुर्चीत बसले. "पाणी थोरल्याचं."

करायला गेला गणपती आणि झाला मारुती, असं गाव म्हणालं आणि जेवायला गेलं. धोंडिबा वाईट माणूस नव्हता. त्यानं धाकट्यालाच रोजावर ठेवला, बोटही त्यालाच चालवायला दिली आणि वर म्हणाला, "इंजिन मात्र झकास लावलंयस हं."

तेव्हापासून लिंबाजी रोज पहाटे आबांच्या पाण्यात धोंडिबाची जाळी टाकायचा. बोट रोज विचारायची, "आपण नवीन दिसता. नाव काय?" तो नाव सांगायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. परक्यानं विसरलं तर माणूस सोसतो, हे त्याला सोसवेना. पोटच्या पोरीनं ओळख विसरावी तसं ते आत लागत होतं.

एके सकाळी त्यानं लोखंडी हातोडी आणली. वल्हं पडलं होतं ती जागा अंदाजानं धरली आणि डोळे मिटून एक घाव घातला. पत्रा खोल गेला.

दुसऱ्या दिवशी तो काठावर आला तेव्हा बोट दोरीच्या टोकापर्यंत मागे सरकली.

"ओळखलंस का?" त्यानं विचारलं.

"हो," बोट म्हणाली. "तुम्ही लिंबाजी. तुम्ही मला मारता."

लिंबाजीनं दोरी ओढून तिला जवळ घेतलं, जाळी आत टाकली आणि इंजिन चालू केलं. आवाज अगदी एकसारखा लागला होता.