दळवींच्या घरचं लग्न

मला मुलगा झाला तेव्हा मी स्टुडिओत पेढे वाटले. दळवींनी पेढा घेतला आणि विचारलं, "दुसरी कॉपी?"

"एकच आहे," मी म्हणाले.

दळवींनी काळजीने मान हलवली.

भाईंदर पूर्वेला, केबिन रोडवर आमचा लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ काढणारा स्टुडिओ. मी काउंटरवर, दळवी आत कॉम्प्युटरवर. मूळचे रत्नागिरीकडचे, पन्नाशीचे, एकटे. एकाच वस्तूवर त्यांचा विश्वास नसे. छत्र्या दोन, चष्मे दोन, डबेही दोन. दुसरा डबा कधी लागला नाही. तो ते रात्री घरी जेवत.

एकदा मालक हसमुखभाईंनी ऑनलाइन बॅकअप घ्यायचं ठरवलं. "दळवी, आता सगळा माल इंटरनेटवर. कपाट खाली करा, मला तिथे सोफा ठेवायचाय."

"शेठ, बॅकअप वेगळा, अर्काइव्ह वेगळं," दळवी म्हणाले. "मशीन आज बसलं तर उद्या काम चालू व्हायला बॅकअप. काम संपल्यावर कायमचं जपायला अर्काइव्ह."

"अल्बम दिला, पैसा आला, लग्न खतम. जपायचं कशाला?"

"लग्न टिको न टिको शेठ, फोटो टिकला पाहिजे."

तरी इंटरनेटवर चढवून बघायचं ठरलं. सोमवारी सुरू केलेलं लग्न गुरुवारी कसंबसं हळदीपर्यंत पोचलं. नवरा-नवरी अल्बम बघायला आले तेव्हा दळवींनी त्यांना शांतपणे सांगितलं, "तुमची वरात अजून वाटेत आहे."

शेवटी तोड निघाली. चालू काम तेवढं ऑनलाइन. जुनी लग्नं डीव्हीडीवर, पण दुकानाबाहेर दुसऱ्या जागी. दुसऱ्या जागेचं भाडं हसमुखभाईंना परवडेना, म्हणून दळवी ती खोकी स्वतःच्या घरी घेऊन गेले. रिक्षावाल्याला सांगत होते, "भैया, खड्डा संभाल के. बारात है."

पुढे एका रविवारी उत्तनची एक बाई आली. तिचे वडील सकाळीच गेले होते. तिच्या लग्नात ते नाचले होते, तो फोटो तिला शवपेटीजवळ ठेवायचा होता. "घरात त्यांचा हसरा फोटोच न्हाय," ती म्हणाली. रविवारी दळवींची सुट्टी, फोन उचलेनात. तिला बसवून मी त्यांच्या घरी गेले.

दार उघडलं. दळवी इस्त्रीच्या शर्टात, केस चापून बसवलेले.

"कुठे निघालात?"

"नाही, घरीच आहे."

आत टीव्हीवर कुणाचं तरी लग्न चाललं होतं. समोर एक खुर्ची, शेजारी स्टुलावर वाढलेलं ताट.

"तपासतोय," दळवी म्हणाले. "डिस्क नुसती ठेवून खराब होते. दर रविवारी एखादी लावून बघावी लागते."

"पूर्ण?"

"मधूनच उठून यायचं, बरं दिसत नाही."

मी काम सांगितलं. त्यांनी लगेच उत्तनची डिस्क काढून दिली. "छान नाचायचे हो," एवढंच म्हणाले. मी वळले तसे घाईघाईने बोलले, "जेवून जा ना. आत्ताच पंगत बसलीय."

"बाई थांबल्यात."

"हो, हो. मग पुढच्या रविवारी मिस्टरांना घेऊन या. ठाण्याचं लग्न आहे. दोन्हीकडची माणसं चांगली आहेत."

पुढच्या रविवारी आम्ही गेलो. मी ठेवणीतली साडी नेसले होते.