रोटाच्या पंगतीतला साक्षीदार

आमच्या घरचं दूध प्यालेल्या मांजराला नाना वकिलांनी माझ्यादेखत निर्दोष सोडलं. मांजर त्यांचंच. मी तावातावानं शेजारी गेले, तर नाना धुळ्याच्या कोर्टातून नुकतेच आलेले. काळा कोट खुंटीला अडकवत म्हणाले, "पिताना पाहिलंत?"

"अहो, मिशांना साय लागलीय त्याच्या!"

"कुणाच्या दुधाची?"

आता काय बोलणार, कपाळ! वर मलाच उपदेश, "ताई, दिसलं किती आणि वाटलं किती, हे आधी वेगळं करा."

हे त्यांचं पालुपद. त्यामुळे नाना ओट्यावर बसलेले असले की गल्लीत कुणाबद्दल चार शब्द बोलायची सोय नसे. वहिनी होत्या तोवर त्या तेवढ्या पुरून उरत. नानांनी "भाजी खारट झालीय" म्हटलं, की विचारायच्या, "दिसतेय की वाटतेय?" नाना मुकाट्यानं जेवत. मूलबाळ नव्हतं. वहिनी गेल्या आणि त्या घरात भांड्याचा आवाज येईनासा झाला.

त्याच सुमारास साक्रीकडची एक म्हातारी त्यांच्याकडे आली. तिच्या मुलाला, देवचंदला, खुनाबद्दल जन्मठेप झाली होती. पाण्याच्या पाळीवरून त्याचं एकाशी भांडण झालं, आठवड्यानं तो माणूस नाल्यात मेलेला सापडला. देवचंदच्या छपरातून रक्ताची कुऱ्हाड निघाली. शिवाय गावातल्या एका साक्षीदारानं शपथेवर सांगितलं, की आम्ही देवचंदच्या घरी रोटाच्या जेवणाला एका पंगतीत होतो, तेव्हा तो म्हणाला, "त्याला जिता ठेवत नाही."

अपिलाचे कागद घेऊन नाना महिनाभर बसले. एकदा मी विचारलं, "नाना, त्यानं केलं असेल का हो?"

"मला काय ठाऊक? मी तिथं नव्हतो. पण हा साक्षीदारही तिथं नव्हता!"

मग डोळे बारीक करून हसले. खानदेशातल्या कुणालाही कळेल अशी गोष्ट होती. श्रावणात कानबाई देवीच्या नैवेद्याला जाड पोळ्यांसारखे रोट होतात, ते घरच्यांनी आणि भाऊबंदांनीच खायचे, परक्या कुळाला घासही द्यायचा नाही. साक्षीदार परक्या कुळातला. पोलीस पाटलानं उलटतपासणीत सहज सांगून टाकलं होतं, "रोट आम्ही भाऊबंदांतच खातो." दोन्ही जबान्या एकाच बाडात, पण त्या शेजारी ठेवून कुणी वाचल्याच नव्हत्या. कुऱ्हाडीवरचं रक्त माणसाचं की कोंबड्याचं, तेही सिद्ध झालेलं नव्हतं.

मुंबईचा मोठा वकील द्या, असं सगळे सांगत होते. नाना म्हणाले, "त्याला रोट काय ते समजावण्यात माझा जन्म जाईल." स्वतःच गेले. हायकोर्टात न्यायमूर्तींना रोट म्हणजे काय ते खानदेशी इंग्रजीत समजावून आले. मग तार आली, पुरावा अपुरा म्हणून देवचंद सुटला. गल्लीनं पेढे खाल्ले. म्हातारी मात्र तोवर राहिली नव्हती.

पुढच्या श्रावणात देवचंद नानांच्या दारात येऊन उभा राहिला. हातात पिशवी, मान खाली.

"गावमा कोनी बोलत नही, नाना. बठ्ठा भाऊबंद रोट खाई ऱ्हायनात, माले कोनीच बलावं नही."

"अरे, हायकोर्टानं सोडलंय तुला!"

"त्या म्हनतस, पुरावा कमी पडना म्हनीसन सुटना."

नानांनी त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि त्याला आत नेलं. जन्मभर नाना ज्या शब्दांसाठी भांडले, तेच शब्द त्या पोराच्या गळ्यात धोंड्यासारखे बांधले गेले होते.  मला फार वाईट वाटलं, दोघांचंही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरात भांडी वाजली. मी डोकावले, तर नाना धोतर खोचून चुलीपुढे, कणीक पार कोपरापर्यंत. वहिनी गेल्यापासून त्या घरात रोट झाले नव्हते. आज नाना स्वतः भाजत होते, एक करपलेला, एक कच्चा. सोबतची गंगाफळाची, लाल भोपळ्याची, भाजी मी करते म्हटलं, तर ऐकेनात. पाटावर देवचंद अवघडून बसला होता. नानांनी त्याच्या ताटात रोट वाढला, वर तूप ओतलं.

सवयच वाईट माझी! चेष्टेत बोलून गेले, "नाना, बाहेरच्याला रोट चालत नाही, असं तुम्हीच ना हायकोर्टात सांगून आलात?"

नानांनी दुसरं ताट घेतलं, त्याच्या पाटाला पाट लावून बसले. आमच्याशी नेहमी शुद्ध बोलणारे नाना माझ्याकडे न बघताच अहिराणीत म्हणाले, "आठे बाहेरना कोन शे?"