मुक्या गाडीची मिरवणूक

त्या वर्षी पेट्रोलचे भाव भडकले आणि आख्खी कॉलनी कपाळाला हात लावून बसली. हसत होतो फक्त मी! कारण माझ्याकडे उपाय होता. उपायाला तीन चाकं होती, एक हँडल होतं आणि पोटात बॅटऱ्या होत्या.

आमच्या कंपनीत सुटे भाग इकडून तिकडे न्यायला बॅटरीवरच्या ट्रॉल्या होत्या. त्यातली एक म्हातारी होऊन भंगारात निघाली. मी मोठ्या साहेबांकडून ती मागून घेतली. तिला पत्र्याचं अंग दिलं, आभाळासारखा निळा रंग दिला, पुढे वेताच्या दोन खुर्च्या आणि मधे बाक बसवला. मागच्या टोकाला पुरुषभर उंचीचा फलक उभा केला: ‘पेट्रोल सोडा, बॅटरी जोडा!’

आणि चाल काय सांगू! अळूच्या पानावरून थेंब घरंगळावा तशी चालायची. आवाज म्हणून नाही! माझा तिच्यावर जीव जडण्याचं कारण तेच. मेंटेनन्सला येण्यापूर्वी मी प्रेस शॉपला, पत्रे ठोकणाऱ्या यंत्रांवर होतो. त्या धाडधाडीत इतकी वर्षं काढली, की बायको काय बोलते ते मला फक्त रविवारी ऐकू यायचं. सोमवारपासून नुसते ओठ हलताना दिसायचे.

मोठे साहेब म्हणाले, “अनंतराव, रविवारी कॉलनीतून मिरवणूक काढा. मी मैदानावरच्या मांडवात असेन. गाडी आपल्या पायांनी आली आणि लोकांना पटली, तर आपल्या नव्या प्रयोग विभागात तुमचं टेबल.”

“आणि नाही पटली तर?”

“सोमवारी गाडी भंगारात, आणि तुम्ही प्रेस शॉपला.”

माझ्या कानात तिथल्या तिथे धाडधाड सुरू झाली!

रविवार उजाडला. पुढे लेझीम, मागे कलशवाल्या बायका, मध्ये निळी गाडी. चालवायला माझी बायको मृदुला. घरातल्या बाईलाही सहज चालवता येते, हे लोकांना दिसावं म्हणून! मी बाजूने चालणार होतो, हात मागे बांधून, थोडा रुबाबात. नारळ फुटला. मृदुलाने पायाखालची कळ दाबली. गाडी हललीसुद्धा, सकाळची सावली सरकावी तशी.

“आरं, बंद पडली वाटतं! धरा रं!”

हा ज्योतीराम. मूळचा थेरगावचा, प्रेस शॉपचा गडी, दंड म्हणजे दुधाचे दोन कॅन. आला आणि त्याने मागून खांदा लावला.

“ज्योतीराम, सोडा! चालू आहे ती!”

“मंग आवाज कुठाय?”

“आवाज नसतोच तिला!”

“आवाज न्हाई म्हंजे बंदच की राव! लाजताय कशापायी? आमच्या दाजींची जीप बी रोजची अशीच हाय.”

आता आपल्या लोकांचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. दुसऱ्याची बंद गाडी दिसली की कुणाला राहवतं? एक गृहस्थ गालाला साबण लावलेला तसाच घरातून धावत आला. एक जण जेवणावरून उठून आला आणि खरकटा हात वर धरून डाव्या हाताने ढकलू लागला! मी एकाला ओढून काढावं, तर त्याच्या जागी दोघं! शेवटी फलकामागे एवढी गर्दी झाली, की ‘बॅटरी जोडा’ यातली बॅटरी म्हणजे हीच माणसं, असं कुणालाही वाटावं.

“अहो!” मृदुला ओरडली. “मी ब्रेक दाबतेय तरी ही पळतेय!”

पुढची लेझीम दुप्पट वेगात वाजू लागली. तो उत्साह नव्हता हो, पोरं जीव वाचवत होती!

मांडवात साहेब बसलेले, आणि वीसेक माणसं ढकलत आणताहेत अशी गाडी त्यांनी बघितली तर? मला डोळ्यांपुढे प्रेस शॉपचं दार दिसू लागलं. उघडं!

तेवढ्यात समोरच्या घरातल्या इंदुताई गाडीच्या आडव्या उभ्या राहिल्या. रॉकेलच्या रांगेवरही ओवी रचणारी बाई! त्यांनी एक हात वर केला. गाडी थांबली. लेझीम थांबली. इंदुताईंनी पदर सावरला आणि जात्यावर बसल्यासारखा सूर धरला:

मुकी माझी गाडी बाई, पोटामंदी वीज झुले
बिनबोलता, बिनकुरकुर, आपल्या गं पायी चाले
नका लावू हात कुणी, नका देऊ गं धक्का
मुक्यानं जो चालतो, त्याचा भरोसा गं पक्का!

रस्ता चिडीचूप झाला. ढकलणाऱ्यांचे हात आपोआप गळले. मृदुलाने हळूच कळ दाबली, आणि त्या शांततेत गाडी एकटी, कुणाचाही हात नसताना, पुढे सरकली. ज्योतीरामने टोपी काढली.

“व्हय की! आपनच चाललीया! चुकलं माझं, अनंतराव. आता जो कोन हात लावंल त्याचा हात मी मोडतो!”

खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले. माझ्या गाडीचं मुकेपण लोकांना कळलं होतं! बायका ओवी गात होत्या, माणसं कौतुकाने बघत होती. मी पुन्हा हात मागे बांधले.

पण विश्वास बसला की माणसंही बसतात! “बसू का जरा?” म्हणत शेजारच्या कौशल्याबाई गुडघे धरून बाकावर चढल्या. त्यांच्या मागून त्यांच्या दोन जावा. मग साबणवाले गृहस्थ. लेझीमवाले दमले होते, तेही लटकले.

“अहो, ओझं होईल तिला!” मी कळवळून म्हणालो.

“कुरकुरली का ती?” कौशल्याबाईंनी विचारलं.

नव्हती कुरकुरली. तिला येतच नव्हतं ना कुरकुरता! मैदानाच्या चढाला लागल्यावर ती मंद झाली, आणखी मंद झाली, आणि मांडव हाकेच्या अंतरावर राहिला तेव्हा माझ्या निळ्या पाखराने प्राण सोडला. मृदुलाने कळ दाबली, सोडली, पुन्हा दाबली आणि माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी रविवार होता, तरी मला नुसते ओठ हललेले दिसले: “संपली.”

“ज्योतीराम!” मी त्याचा दंड धरला. “धक्का द्या! लवकर!”

ज्योतीराम गालात हसला. “आता न्हाई फसायचो.”

“अहो, खरंच बंद पडलीय!”

“मघाशी मी हेच म्हनत हुतो, तवा तुमी काय म्हनला?”

“तेव्हा चालू होती!”

“आताबी चालूच हाय. साहेबास्नी बघून थांबली, मान दिला तिनं!”

आणि साहेब खरंच मांडवातून उठून येत होते! बाकावरची मंडळी आदराने खाली उतरली. साहेबांनी गाडीला हार घातला, वाकून पत्र्याला कान लावला. मी श्वास रोखला. आख्ख्या कॉलनीने एका सुरात ओवी म्हटली.

“वा!” साहेब म्हणाले. “चालू असून काही म्हणजे काही ऐकू येत नाही!” आणि ते मृदुलाशेजारच्या खुर्चीत बसले. साहेब चांगलेच भरदार. खुर्ची तेवढी कुरकुरली. “चला मृदुलाताई, बंगल्यापर्यंत सोडा मला.”

मृदुलाने हँडल घट्ट धरलं. मागे वळून न बघता ती म्हणाली, “अहो, फलक जरा हलतोय. मागून धरता का?”

अशी बायको मिळायला पुण्य लागतं! मी फलकाच्या मागे गेलो, खांदा लावला, आणि डोळे मिटून जोर केला. गाडी हलली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“हात काढा की, अनंतराव,” ज्योतीराम शेजारून चालत म्हणाला. “आमाला शिकवता, आन् तुमीच?”

“ढकलत नाहीये. टेकलोय.”

“दमला व्हय? टेका, टेका. आपली मुकी नेती तुमाला बी!”

पुढून साहेबांचा आवाज आला, “अजून वेग घेईल का ही?”

“घेईल की!” मृदुला म्हणाली, आणि आवाज चढवून, “अहो, साहेब म्हणतायत, अजून वेग घ्यायचा!”

मी घेतला. माझ्या शर्टाचं पोतेरं झालं, बरगड्या भात्यासारख्या हलू लागल्या, आणि मागे बायका गातच होत्या, नका लावू हात कुणी! बंगला आला. साहेब खाली उतरले. मी फलकाला धरून उभा होतो, कारण सोडलं असतं तर पडलो असतो.

साहेबांनी माझी पाठ थोपटली. “शाबास, अनंतराव! उद्यापासून तुम्ही प्रयोग विभागात. फक्त एक दुरुस्ती तातडीने करा.”

“कु... कुठली, साहेब?”

“बाकी गाडी अगदी मुकी आहे. पण मागच्या बाजूने कुणीतरी धापा टाकल्यासारखा आवाज येतो. तेवढा बंद करा.”