परग्रहावरची पंगत

परबकाका एकदा सकाळी हातात रिकामी डबी घेऊन आमच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "मेधा, तुझ्या सासऱ्यांची जुनी कवळी आसा काय गो? एका परग्रहवाल्याक बसवूची आसा."

मी काही बोलायच्या आत सासरे आतल्या खोलीतून ओरडले, "देऊ नकोस! सणावाराला तीच घालतो मी!"

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणाऱ्या परबकाकांनी आयुष्यभर कवळ्या बनवल्या. दातांचे डॉक्टर जबड्याचं माप पाठवायचे, काका गॅलरीत बसून त्यावर दात चढवायचे. माणसाचं नाव ते विसरतील, दात नाही. रस्त्यात कुणी हसून नमस्कार केला की आधी म्हणणार, "वरची माझी. खालची दुसऱ्या कुणाची तरी."

काम थांबवलं तेव्हा घरात गुलाबी मेण, प्लास्टर आणि तारा उरल्या होत्या. त्यातून काका परग्रहावरचे जीव बनवायला लागले. पद्धत ठरलेली. "पयला तोंड! तो खाता काय, ता ठरव. मगे तोंड येता, तोंडामागसून पोट येता. डोळे काय, कधीही लावूक येतत." टीव्हीवरच्या परग्रहवासीयांचा त्यांना भयंकर राग. "एवढ्या लांबसून इलो आणि दिसता कसो? भांडुपच्या माणसासारखो! दोन डोळे आणि मधोमध तोंड. लाज नाय?"

आता काकांच्या बायकोबद्दल, सुमनकाकूंबद्दल सांगायला हवं. सोसायटीच्या सत्यनारायणाचा मसालेभात दरवर्षी त्यांच्या नजरेखाली व्हायचा, आणि त्या भातावरून नवराबायकोचं दणदणीत भांडणही. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं. काकांनी त्यांच्यासाठी कवळीमागून कवळी केली, पण एकही बसेना. घास ओघळायचा. काकूंनी बोलणं सोडलं आणि माणसांत जेवणंही. उरलेल्या डाव्या हाताने सतत तोंडावर पदर धरायच्या. जेवायचं तर तोच हात लागणार, म्हणून दार लावून जेवायच्या. काकांनाही आत घ्यायच्या नाहीत.

यंदा सोसायटीच्या सभेत काका उभे राहिले. "पूजेची सजावट माझ्याकडे. परग्रहावरची पंगत करतंय."

"परबभाई," आमचे सेक्रेटरी गालाभाई कळवळले, "सत्यनारायण है कि सर्कस?"

"देव सगळ्या ब्रह्मांडाचो ना? मगे आमंत्रण फक्त बी विंगेक कशाक?"

सजावट काकांकडे गेली आणि मला रंगकामाला जुंपलं गेलं.

काकांचे जीव आता लहान मुलाएवढे झाले होते. एक कोपराने प्यायचा. एकाचं तोंड मानेमागे, उलट्या छत्रीसारखं, कारण त्याच्या ग्रहावर जेवण वाऱ्याबरोबर पाठीमागून येतं. एकाचं तोंड वाकडं, खालचा ओठ लोंबता. त्याच्या पायाशी मेणाची चिल्लीपिल्ली.

"हा सगळं सांडेल की, काका!"

"सांडूकच व्हया. ह्याची पोरां त्याच्यावर जगतत. नीट खाल्ल्यान तर उपाशी मरतली."

मी ब्रश खाली ठेवला. एवढे जीव, आणि एकाचंही तोंड सरळ नव्हतं. आतल्या दारात सुमनकाकू पदर धरून उभ्या होत्या. काका त्यांच्याकडे न बघता मोठ्याने म्हणाले, "पंगतीत सगळ्यांनी येवचा असता. कोण कसो खाता, ता कोण बघता?" काकू आत निघून गेल्या.

पूजेच्या दिवशी पार्किंगमध्ये टेबलं लागली. कोपऱ्यातलं टेबल परग्रहवाल्यांचं, पुढ्यात खरी केळीची पानं. काकांनी वाकड्या तोंडाच्या जीवाशेजारी एक खुर्ची रिकामी ठेवली होती. काकू मात्र खिडकीतूनच बघत होत्या. काका पाण्याचा जग घेऊन सगळीकडे फिरत होते, पण डोळे खिडकीकडे.

मसालेभाताची बादली गालाभाईंकडे होती. वाढायच्या तंद्रीत माणूस पान बघतो, चेहरा नाही. त्यांनी सगळ्या परग्रहवाल्यांना भात वाढला. कोपरवाल्याला तर आग्रहसुद्धा केला, "अरे, लो ना थोड़ा!" पंगत खो खो हसली तेव्हा कुठे त्यांना कळलं.

"वाट लागली!" ते कपाळाला हात लावून म्हणाले. "प्रसाद का खाना, अब खाएगा कौन?"

प्रसादाचं वाढलेलं पान वाया जाणार! खिडकीतलं डोकं नाहीसं झालं. एक पाय ओढत सुमनकाकू बाहेर आल्या, रिकाम्या खुर्चीत बसल्या आणि वाकड्या तोंडवाल्यापुढचं पान त्यांनी आपल्याकडे ओढलं. हात अजून पदरावरच. भात गार होत होता. काका जागीच उभे, हातातल्या जगमधलं पाणी चपलेवर सांडत होतं.

काकूंनी पदर सोडला. घास घेतला. थोडा तोंडात गेला, थोडा मांडीवर. सावकाश चावला आणि वर्षभराने मी त्यांचा आवाज ऐकला.

"मी…ठ… कमी."

"काय कमी?" काका उसळले. "मीठ बरोबर आसा!"

काकूंनी डोळे वटारले, पुढचा घास कोंबला आणि भरल्या तोंडाने भांडायला सुरुवात केली. आम्हाला त्यातलं निम्मंही कळत नव्हतं. काका मात्र शेजारी बसून एकेका शब्दाला उत्तर देत होते.