इंजिनाची धार

शिवप्रसाद यांच्या तोंडून वावगा शब्द कधी गेला नाही. आलाच तर ते गिळायचे आणि वर पाणी प्यायचे. बॅनरवर त्यांच्या नावाआधी ‘सुसंस्कृत’ छापलेलं असायचं, आणि वॉर्डाचं तिकीट याच एका शब्दावर मिळणार, अशी त्यांची खात्री होती.

तिकीट वाटणाऱ्या प्रीतीताई रविवारी पंचगंगा घाटावर येणार होत्या. निमित्त, तालमीनं पुरासाठी घेतलेली बोट. बोट नवी, इंजिन मात्र मालवणहून आणलेलं जुनं. विकणाऱ्यानं फोनवर बजावलं होतं, “चालू केल्यावर मागे बघा हां. इंजिन मुतला पाहिजे. नाय मुतला तर लगेच बंद करा, नायतर जळात.”

इंजिन थंड ठेवणारं पाणी आतून फिरून मागच्या भोकातून बारीक धारेनं पडतं, ते बघायचं. शिवप्रसादना सगळं समजलं. फक्त ते क्रियापद बोट चालवणाऱ्या पिराजीला कसं सांगायचं, हे समजेना. समोर बायको पूजेची फुलं निवडत बसलेली!

“पिराजी, इंजिनची धार बघून ठेव.”

“धार?”

“धार रे! ती नसली तर अब्रू जाईल आपली.”

“काळजीच सोडा की अण्णा!”

पिराजी बोटीचा चालक झाला होता तो तालमीच्या हौसेपोटी. एरवी तो ऊसतोडीच्या कोयत्यांना धार लावायचा.

रविवारी घाट फुलला. शिवप्रसाद कॉलरला माईक लावून पुढं उभे राहिले, प्रीतीताई मधल्या फळीवर, पिराजी मागं. इंजिन सुरू झालं. मागं वळलं तर फोटो बिघडणार, म्हणून शिवप्रसादनी हसऱ्या चेहऱ्यानंच विचारलं, “धार आहे ना रे?”

“कडक! बोट कापंल!”

बोट पाणी कापेल, असं समजून शिवप्रसादनी भाषण सुरू केलं. नदीच्या मध्यावर ‘विकासाचा प्रवाह’ म्हणेपर्यंत जळका वास आला, धूर निघाला आणि इंजिन घुरघुरून गप्प झालं.

“धार आहे म्हणालास ना?”

“हाय की!” पिराजीनं पट्टी बांधलेला अंगठा वर केला. “पंख्याच्या तिन्ही पात्यांस्नी लावलीया, कोयत्यागत! ह्ये बघा, बोट कापलं न्हवं का!”

इतक्या वर्षांचं गिळलेलं सगळं एकदम वर आलं.

“अरे बैला, धार म्हणजे मुतणं! इंजिन मुततंय का, ते बघायचं होतं! मुततंय का!”

घाटावरच्या चारही कर्ण्यांनी ते जसंच्या तसं ऐकवलं. म्हशी धुणारेही थांबले.

प्रीतीताईंनी शांतपणे पदर सावरला. “सुरू झाल्यापासनं बघत हुते मी. मुतत न्हवतंच ते. माझं माहेर कोकणातलं, असली इंजिनं बघतच वाढले.”

“मग ताई, बोलायचं होतं!”

“तुमच्यासारख्या सुसंस्कृत माणसापुढं असलं कसं बोलायचं?”

तेही कर्ण्यांनी ऐकवलं.

तिकीट शिवप्रसादनाच मिळालं. तो व्हिडिओ घराघरांत पोचला होता, आणि एवढी ओळख पैसे टाकून होत नाही, असं ताईंचं मत पडलं. बॅनरवरचं ‘सुसंस्कृत’ मात्र गेलं. तिथं आता ठळक अक्षरांत ‘आपला मुत्या’ आहे.

कुणी नवखे पावणे बॅनरकडं बघून थबकले, की शिवप्रसाद लगबगीनं पुढं होतात.

“आमच्या शेजारच्या कन्नडात आजोबांना मुत्या म्हणतात,” ते सांगतात. “फार आदराचा शब्द आहे.”

आणि वर पाणी पितात.